किती ते माझ्याकडे, केव्हा ते अल्वीनाकडे

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे आणि आज माझ्या अंगावर एकही आकडा उरलेला नाही. मोजपट्टी म्हणवून घ्यायचे आणि अंग कोरे, हे ऐकून कोणाला हसू आले तर खुशाल हसा. मी थकले आहे. थकलेल्या लाकडाची एक सोय असते, कोणी हसले तरी त्याला उलट उत्तर द्यावे लागत नाही.

माझे काम पाऊस मोजण्याचे. पर्जन्यमापक तुम्ही शाळेत पाहिला असेल. वर नरसाळे, आत पितळेची बारीक नळी, बाहेरून पत्र्याचा डबा. त्या नळीत मला सोडायचे, वर काढायचे आणि मी जिथवर भिजले असेन तो आकडा वाचायचा. नळी अशा बेताने बारीक केलेली असते की एक इंच पाऊस तिच्यात दहा इंच उंच उभा राहतो. थोडक्याचे मोठे करून दाखवण्याचा हा स्वभाव माणसांतही पुष्कळ आढळतो. माझ्या अंगावरचे आकडे मात्र त्याची वजावट आधीच करून टाकत. एका इंचाचे शंभर भाग, आणि प्रत्येक भागाला काळ्या शाईची एक रेघ. कारखान्यातल्या तपासनीस बाईने मला उजेडात धरून 'ही सरळ आहे' असे म्हटले होते. आमच्या जातीत याहून मोठी स्तुती नाही.

एकोणीसशे एक्कावन्न सालच्या मे महिन्यात मी नॉर्थ डकोटातल्या राइनहोल्ड फाइस्टच्या शेतावर आले. हवामान कचेरीला असा शेतकरी हवा होता, जो रोज सकाळी सात वाजता पाऊस मोजील, कागदावर लिहील, महिनाअखेरीस तो कागद टपालात टाकील आणि कधी कुरकुर करणार नाही. राइनहोल्ड तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. गव्हाची शेती, थोडी जवस, अठरा गाई. कामाला खंदा, बोलायला कंजूष आणि झोपेला कुंभकर्ण. त्याच्या स्वयंपाकघरात, दाराशेजारी, फोनच्या खाली एक खिळा होता. त्या खिळ्यावर मला टांगले आणि माझा संसार सुरू झाला.

कचेरीच्या कागदावर दर दिवसापुढे दोन रकाने होते. पहिल्यात पाऊस किती पडला ते लिहायचे. दुसरा रकाना शेऱ्याचा. पाऊस केव्हा आला, केव्हा थांबला, गारा पडल्या का, हे त्यात लिहायचे. पहिला रकाना माझ्या जिवावर भरायचा, त्यामुळे त्याची अडचण नव्हती. दुसऱ्या रकान्याशी राइनहोल्ड पहिल्याच आठवड्यात अडला. पेन्सिल कानामागे ठेवून तो चुलीपाशी उभ्या असलेल्या बायकोकडे वळला.

"अल्वीना, पाऊस केव्हा आला गं?"

"तू घोरत होतास तेव्हा."

"तसं कचेरीला लिहिता येत नाही."

"मग लिही, उजाडायच्या जरासा आधी आला. आणि तुझी न्याहारी व्हायच्या बराच आधी थांबला."

राइनहोल्डने 'न्याहारी' गाळून 'सात' लिहिले. बाकीचे शब्द जसेच्या तसे उतरवले. त्या सकाळपासून आमच्या घरात कामाची वाटणी झाली ती झालीच. किती ते माझ्याकडे, केव्हा ते अल्वीनाकडे. राइनहोल्डकडे पेन्सिल.

अल्वीनाची झोप सशाची होती. छपरावर पहिला थेंब पडला की तिचा डोळा उघडे. दिवसा ती कणीक मळत असो की कोंबड्यांना दाणे टाकत असो, तिचा एक कान आभाळाकडे असायचा. घड्याळ ती फारसे पाहत नसे. तिच्या शब्दांचे माप मात्र पक्के होते. 'लगेच' म्हणाली तर दहा मिनिटांच्या आत. 'थोड्या वेळाने' म्हणाली तर अर्धा तास. 'बराच आधी' म्हणजे तासाहून जास्त. 'साधारण' हा शब्द ती वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी वापरी, आणि वापरला की दिवसभर तिला ते खटकत राही.

मित्रांनो, खिळ्यावर टांगलेल्या वस्तूला दिवसभर दुसरे काय काम असणार? सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी माझी नोकरी संपायची. मग मी माणसांचे बोलणे मोजू लागले. आमच्याकडचे लोक वेळ कधी उघडी सांगत नाहीत. तिला कुठलातरी बारका शब्द चिकटवतात. सहा म्हणत नाहीत, 'जेमतेम सहा' म्हणतात. काल म्हणत नाहीत, 'अगदी कालच' म्हणतात. आकडा घड्याळाचा असतो, तो बारका शब्द त्या माणसाचा स्वतःचा असतो, आणि माणूस काय आहे ते त्या शब्दात कळते.

रस्त्यापलीकडे एडगर ब्रोश राहायचा. त्याचे 'आत्ताच' मी वर्षभर तपासले. उसनी नेलेली शिडी तो 'आत्ताच' परत आणून देणार होता, ती एकोणीस दिवसांनी आली. त्याचे 'जवळजवळ रोज' आठवड्यातून दोनदा भरायचे, आणि 'फार क्वचित पितो' यातल्या क्वचितचा हिशेब मी मांडत नाही, तो त्याच्या बायकोने मांडावा. ती ओटिलिया. मनाने लोण्यासारखी, हाताने वादळ. तिचे 'एकच मिनिट बसते' म्हणजे चाळीस मिनिटे आणि दोन कप कॉफी. राइनहोल्डचाही एक शब्द होता. अल्वीनाची बहीण कॅलिफोर्नियात राहायची. तिकडे दोघांनी मिळून कधी जायचे, असे अल्वीनाने विचारले की तो म्हणे, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की." या 'नक्की'चे माप मला शेवटपर्यंत सापडले नाही. सदतीस उन्हाळे गेले. सकाळी सात वाजता मला नळीत कोण सोडणार, हा प्रश्न होता. अल्वीना दोनदा एकटीच गेली, आणि तेही पाऊस नसलेल्या महिन्यात.

ते मला लागते. निमित्त मीच होते ना.

काम कसे होते म्हणाल, तर बहुतेक सकाळी काहीच नसायचे. मला कोरडी सोडायचे, कोरडी काढायचे आणि शून्य लिहायचे. आमचा मुलूख कोरडा. साडेतेरा हजार सकाळी मी त्या नळीत उतरले, त्यातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त वेळा कोरडीच वर आले. हिवाळ्यात डबा बर्फासकट आत आणून चुलीशेजारी वितळवायचा, मग मला त्या गार पाण्यात बुडवायचे. शून्याच्या खाली तीस अंशांच्या थंडीत राइनहोल्डच्या मिशीवर बर्फ धरायचे, तरी सातचे सव्वासात कधी झाले नाहीत. सदतीस वर्षांत कागदावरचा एकही चौकोन रिकामा गेला नाही.

विसाव्या वर्षी कचेरीकडून पत्र आले. राइनहोल्डने ते उभ्याने वाचून दाखवले. 'श्री. राइनहोल्ड फाइस्ट यांचे शेरे संपूर्ण विभागात सर्वांत अचूक आहेत.' मोजणीबद्दल एका ओळीत आभार होते, बाकीचे पत्र शेऱ्यांबद्दलच. राइनहोल्डने ते चौकटीत बसवून भिंतीला लावले. अल्वीनाने त्याच्या काचेवरची धूळ दर शनिवारी पुसली. ती काही बोलली नाही आणि त्याच्याही काही लक्षात आले नाही. पत्र समोरच्या भिंतीवर होते, मी खिळ्यावरून त्याच्याकडे वर्षानुवर्षे पाहत होते. चुकीच्या खात्यावर जमा झालेली रक्कम असावी तसे ते मला दिसे.

मग अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा आला. तसा कोरडा उन्हाळा मी पाहिला नव्हता. जूनभर शून्य. गहू गुडघ्याला लागण्याआधीच पिवळा पडला. राइनहोल्ड मला नळीत सोडायचा आणि वर काढण्याआधी एक क्षण थांबायचा, जणू आत काही असले तर मी त्याला बोटांतून सांगीन. मला काही सांगता येत नव्हते. तेव्हा प्रथम मला कोरडे असण्याचा थकवा आला. माझ्या रेघांची शाईही तोवर विरत चालली होती. पन्नासच्या खालचे आकडे अजून बरे दिसत, वरचे राइनहोल्ड अंदाजाने वाचायचा. तसा वरपर्यंत पाऊस येतोय कुठे, असे म्हणून त्याने नवी पट्टी मागवली नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, सकाळची नोंद झाली आणि अल्वीना चुलीपाशी खाली बसली. बसली ती उठेना. ओठ निळसर झाले होते. रुग्णवाहिका आली, राइनहोल्ड तिच्याबरोबर बिस्मार्कच्या इस्पितळात गेला. जाताना त्याने गाईंचे एडगरला सांगितले, दिवा बंद केला, दार ओढून घेतले. माझ्याबद्दल तो कोणालाच काही सांगून गेला नाही. सदतीस वर्षांत तो पहिल्यांदा मला विसरला. मला वाईट वाटले नाही. उलट बरे वाटले.

आमच्याकडे घरात आजारपण आले की शेजारणी बोलावण्याची वाट पाहत नाहीत. येतात, बाह्या सारतात आणि घर असे लख्ख करून ठेवतात की परत आलेल्या माणसाला क्षणभर आपण चुकीच्या घरात शिरलो असे वाटावे. ओटिलिया मंगळवारी सकाळीच आली. तिने खिडक्या धुतल्या, पडदे उतरवले, तळघरातल्या लोणच्यांच्या बरण्या पुसल्या, कोळशाचे फावडेसुद्धा घासले. दुपारी घरातली सगळी अंथरुणे धुऊन दोरीवर घातली. मग तिची नजर माझ्यावर पडली. सदतीस वर्षांच्या पाण्याने आणि हातांच्या मळाने मी काळवंडले होते.

"शी, काय हे," ती स्वतःशीच म्हणाली. "अल्वीना आजारीच असणार बरेच दिवस. नाहीतर असलं टांगून ठेवणारी नव्हे ती."

मित्रांनो, भांडी घासायची भुकटी, ताठ केसांचा ब्रश आणि ओटिलिया ब्रोशचा उजवा हात. मी पुढे सांगत नाही. शेवटी तिने मला उन्हात ठेवले तेव्हा मी गेल्या सदतीस वर्षांत नव्हते इतकी गोरी झाले होते. 'आता कशी दिसतेस,' असे म्हणून तिने मला खिळ्यावर परत टांगले. तिच्या चेहऱ्यावर इतके समाधान होते की मला तिचा राग धड धरताही येईना.

त्याच संध्याकाळी पाऊस आला. त्या उन्हाळ्यातला पहिला खरा पाऊस. मी आत खिळ्यावर होते, पत्र्यावरचा आवाज ऐकत. बाहेर नळी भरत होती आणि माझ्या अंगावर एकही रेघ नव्हती.

बुधवारी सकाळी ओटिलिया पुन्हा आली. अंगणातून पाणी ओतल्याचा आवाज मी ऐकला.

दुपारी चारच्या सुमाराला राइनहोल्ड कपडे न्यायला घरी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. रस्त्यावर जागोजाग पाणी साचलेले त्याने पाहिले असणार, कारण तो टोपीही न काढता सरळ माझ्यापाशी आला आणि मला घेऊन अंगणात गेला. नरसाळे उचलले. नळी रिकामी. बाहेरचा डबा रिकामा. त्याने मला तरीही आत सोडले, वर काढले आणि वाचायला डोळ्यांजवळ धरले. मग उलटी करून दुसरी बाजू पाहिली. मग पुन्हा पहिली.

ओटिलिया हात पुसत पायरीवर आली. "अल्वीना कशी आहे?"

"हृदयाचं आहे म्हणतात. दोन आठवडे ठेवणार. तिला काही लावून घेऊ देऊ नका म्हणाले डॉक्टर." त्याने नरसाळे परत बसवले. "ओटिलिया, हा डबा कोणी ओतला?"

"मीच. रोज रस्त्यापलीकडून बघते ना मी तुला, सकाळी उठून आधी हे ओतून टाकतोस. म्हटलं, दमून येशील, तेवढं एक काम तरी कमी." ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. "का रे? माझं काही चुकलं का?"

राइनहोल्डने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता बोलेल. पण ज्या बाईने दोन दिवस राबून आपल्या बायकोचे घर आरशासारखे केले तिच्यापुढे त्याने नुसती टोपी काढली.

"नाही," तो म्हणाला. "कॉफी आहे का?"

कॉफी होती आणि कूखन, म्हणजे आमच्याकडचा जर्मन केकही होता, सायीच्या सारणाचा, ओटिलियाने सकाळीच भाजलेला. राइनहोल्ड टेबलाशी बसला. समोर जुलैचा कागद. सोमवारी शून्य. मंगळवारची सकाळ कोरडीच होती, तिथे तो इस्पितळात असला तरी शून्य हे सगळ्या गावाला ठाऊक होते. बुधवारचा चौकोन मात्र उघडा होता. तेवढ्यात एडगर आला. बायकोने काय करून ठेवले ते त्याला एका नजरेत कळले, कारण तो मला ओळखत होता. त्याने ओटिलियाला खोलीतच सांगून टाकले, आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"अरे, त्यात काय रडायचंय," एडगर म्हणाला. "राइनहोल्ड, ऐंशी लिही. माझ्या नळीत ऐंशी शतांश होतं."

"तुझी ती बियाणेवाल्याने फुकट दिलेली प्लास्टिकची नळी?"

"फुकटची असली म्हणून पाऊस काय उधारीचा पडतो तिच्यात?"

"वळचणीखाली ठोकली आहेस तू ती. छपराचंही पाणी पडतं तिच्यात."

"बरं, मग सत्तर लिही. वॉशिंग्टनमध्ये बसून कोण बघतंय? सदतीस वर्षांचा नेम एक डबडं ओतण्यापायी मोडणार आहेस का तू?"

राइनहोल्डने कागद पुढे ओढला. त्याचा हात मी सदतीस वर्षे ओळखत होते. तो खोटे लिहिणारा हात नव्हता. पण त्याच्या डोळ्यांसमोर कचेरी नव्हती, वॉशिंग्टनही नव्हते. इस्पितळात तिला नळ्या लावल्या होत्या तेव्हाही ती विचारत होती, 'आपल्याकडे पडला का रे?' तो नेम त्याच्याहून तिचा जास्त होता. तिला काही लावून घेऊ देऊ नका, असे डॉक्टर म्हणाले होते. त्याने पेन्सिल उचलली आणि अगदी हलक्या हाताने, पुसता येईल अशा बेताने, सत्तर लिहिले. शेऱ्याचा रकाना तसाच राहिला.

सहा वाजायच्या थोडा आधी फोन वाजला. राइनहोल्डला कमी ऐकू यायला लागले होते, म्हणून फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला असे, आणि माझा खिळा त्याच्या खालीच. अल्वीनाचा आवाज बारीक होता, पण शब्द सगळे ऐकू येत होते.

"पडला ना रे?"

"पडला."

"किती?"

"सत्तर."

मला वाटते, ती हसली. "सत्तर," ती म्हणाली. "देव पावला. केव्हा आला?"

"संध्याकाळी." राइनहोल्डने कागदाकडे पाहिले, जणू तिथे काही लिहिलेले असावे. "जेवणं झाल्यावर, लगेच."

"कोणाची जेवणं?"

राइनहोल्डने पेन्सिल कानामागे ठेवली.

"मंगळवारी संध्याकाळी तू माझ्या उशाशी होतास," अल्वीना म्हणाली. "सूप मला चमच्याने पाजत होतास, आणि निम्मं माझ्या गाऊनवर सांडलंस. मोजलं कोणी, राइनहोल्ड?"

सदतीस वर्षे तिच्या तोंडून ऐकलेले शब्द त्याने वापरले होते, पण तिचे माप त्याच्यापाशी नव्हते. तो भिंतीला टेकला. मग त्याने सगळे सांगितले. नळी कशी ओतली गेली, मी कशी कोरी झाले, सत्तर कुठून आले. आवाज न चढवता, एका सुरात, गव्हाचे भाव सांगावेत तसे. ओटिलिया टेबलाशी बसून पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावत होती. एडगर छताकडे पाहत होता.

मग पलीकडून खोकला ऐकू आला. राइनहोल्ड दचकला. तो खोकला नव्हता, अल्वीनाला हसू आवरत नव्हते आणि हसायला छाती साथ देत नव्हती.

"घासली?" ती म्हणाली. "पट्टी घासली तिने?"

"पांढरीफटक केली आहे."

"अरे देवा." तिने दम घेतला. "रबर आहे का जवळ?"

"आहे."

"मग पूस ते सत्तर."

"अल्वीना, सदतीस वर्षांत एकही चौकोन..."

"मला नको सांगूस सदतीस वर्षं. मी होते तिथे. पूस."

त्याने पुसले. रबराचे कण फुंकले. तो रिकामा चौकोन मला खिळ्यावरून दिसत होता, आणि खरे सांगते, मित्रांनो, तो दिसायला वाईट नव्हता.

"आता ओटिलियाला दे फोन," अल्वीना म्हणाली. "आणि तिला सांग, मी ओरडणार नाही. ओरडायला तेवढी हवाच नाहीये माझ्यात."

ओटिलियाने फोन दोन्ही हातांनी धरला. "अल्वीना, मी मेले असते तर बरं झालं असतं गं."

"ते नंतर बघू. पाऊस आला तेव्हा तू कुठे होतीस?"

"तुझ्याच अंगणात. मधेच कधीतरी आला बघ, संध्याकाळच्या सुमाराला."

"सुमाराला नको. चादरी दोरीवर होत्या का?"

"होत्या ना. त्याच काढायला आले होते."

"किती काढून झाल्या होत्या?"

ओटिलिया विचारात पडली. माझ्या आठवणीत ती पहिल्यांदाच बोलण्याआधी थांबली. "तीन. चौथीच्या चिमट्याला हात घातला आणि मानेवर थेंब पडला."

"एडगरला जेवायला वाढून आली होतीस की त्याच्या आधी?"

"वाढून, तशीच. बशी ठेवली आणि निघाले."

"म्हणजे सहा. एडगरचं बाकी काही वेळेवर नसतं, जेवण असतं."

"मी इथेच आहे," एडगर टेबलावरून म्हणाला.

"तुझा रस्ता ओलांडायचा, तीन चादरी काढायच्या," अल्वीना पलीकडे हिशेब करत होती. "थांबला तेव्हा कोंबड्या आत गेल्या होत्या?"

"छे, अंगणातच होत्या. ओल्या मातीत किडे टिपत होत्या. चांगला उजेड होता."

"झालं तर. राइनहोल्डला दे."

राइनहोल्डने फोन घेतला, कानाला लावला आणि पेन्सिल कागदावर ठेवली. अल्वीना सांगत गेली, तो लिहीत गेला. 'पाऊस सहा वाजून गेल्यावर लगेच सुरू झाला. अंधार पडायच्या बराच आधी थांबला. गारा नाहीत. किती पडला ते ठाऊक नाही.' शेवटचे वाक्य लिहिताना त्याचा हात अडला. तिने ते पुन्हा सांगितले. त्याने लिहिले.

"वाच," ती म्हणाली. त्याने वाचले. "बरोबर आहे," ती म्हणाली. "आता मी झोपते. दमले मी."

ती अठरा दिवसांनी घरी आली. जिना चढायला मनाई, म्हणून तिचा पलंग स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत हलवला. ऑगस्टमध्ये कचेरीचा तपासनीस आला, डेनिस लिंडक्विस्ट नावाचा तरुण, नवी पट्टी घेऊन. राइनहोल्ड त्याच्यापुढे जुलैच्या कागदाची घरची प्रत ठेवून उभा राहिला, गुन्हा कबूल करायला आल्यासारखा. लिंडक्विस्टने रिकाम्या चौकोनावरून नजर फिरवली.

"हे होय? मिस्टर फाइस्ट, एक दिवस गेला तर काय बिघडलं? काही ठिकाणी तर नाताळचा अख्खा आठवडा कोराच येतो आमच्याकडे."

राइनहोल्ड त्याच्याकडे पाहतच राहिला. नाताळच्या सदतीस सकाळी त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या असतील. तो खुर्चीत बसला.

"अख्खा आठवडा?" त्याने विचारले.

"बऱ्याचदा. पण तुमच्यासारखे शेरे कोणाचे नसतात. हाच बघा ना, बुधवारचा. आकडा नाही, पण पाऊस कसा गेला ते डोळ्यांसमोर उभं राहतं." मग त्याचे बोट कागदाच्या तळाशी गेले. "इथे निरीक्षक म्हणून दोन नावं आहेत. अल्वीना फाइस्ट कोण?"

"माझी बायको," राइनहोल्ड म्हणाला. "केव्हा ते ती सांगते. एक्कावन्न सालापासून."

आतल्या खोलीतून पलंग करकरला. लिंडक्विस्टने भिंतीवरच्या चौकटीतल्या पत्राकडे पाहिले, मग उघड्या दाराकडे, आणि टोपी हातात घेऊन तो आत गेला. काय बोलला ते मला ऐकू आले नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कूखनचा तुकडा होता आणि चेहरा थोडा लाल झाला होता.

नवी पट्टी खिळ्यावर गेली. सरळ आहे, काळी रेघ ठसठशीत, मला तिच्याबद्दल तक्रार नाही. लिंडक्विस्ट मला कचऱ्यात टाकायला निघाला होता, अल्वीनाने मागून घेतले.

मित्रांनो, वस्तूंच्या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील. कोणी अडगळीत पडते, कोणी गंजते, कोणाला मुले फेकून देतात. माझे तसे काही झाले नाही. मी निष्काळजीपणाने गेले नाही, मी काळजीने पुसली गेले. म्हणून माझे एवढेच मागणे आहे. कोणाच्या घरात मदतीला गेलात तर जरूर जा, बाह्या सारा, खिडक्या धुवा. पण एखादी वस्तू घासायला घेण्याआधी तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर विचारा. आणि तुमच्या वहीत एखादा चौकोन भरता आला नाही, तर शेजाऱ्याचा आकडा आणून तो भरू नका. रिकामा ठेवा. काय ठाऊक आहे ते शेजारी लिहा, काय नाही तेही लिहा.

मी आता अल्वीनाच्या पलंगाशेजारच्या खिडकीत आहे. ती खिडकी झडप वर सरकवून उघडायची असते, पण झडप धरून ठेवणारी दोरी तुटली आहे, म्हणून ती आपोआप खाली येते. राइनहोल्ड ती दोरी पुढच्या आठवड्यात नक्की बदलणार आहे. तोवर मला चौकटीत उभी करून झडप माझ्यावर टेकवली आहे. ओझे जड आहे आणि माझा कणा पूर्वीसारखा नाही. पण खिडकी उघडी असली की तिला पडल्या पडल्या आभाळ ऐकू येते, आणि अंगणातून राइनहोल्डने आकडा ओरडून सांगितला की ती उशीवरून मान न उचलता त्याला केव्हा ते सांगते.